अळंबीचा अर्क : बाटलीवरचे नाव आणि बाटलीतला माल

गेल्या अंकात या सदरात औषधी अळंब्यांच्या अर्कांविषयी थोडे लिहिले होते. रिशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स, चागा, टर्की टेल ही नावे आता आहारपूरकांच्या बाटल्यांवर सर्रास दिसू लागली आहेत आणि त्यांच्याविषयीचे दावे त्यांच्यावरील संशोधनाच्या बरेच पुढे धावत आहेत, एवढाच त्या मजकुराचा सारांश होता. त्यावर वाचकांची पुष्कळ पत्रे आली. काहींनी माझ्यावर अतिसावधपणाचा ठपका ठेवला आहे, तर काहींनी घरातल्या आजारी माणसाचा सगळा वैद्यकीय इतिहास विश्वासाने कळवला आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्यापुढे रिशीच्या दोन बाटल्या आहेत. एकीवर ‘१० : १ अर्क, पॉलिसॅकराइड ४० टक्के’ असे छापले आहे, तर दुसरीवर ‘५०० मिलिग्रॅम कवकजाल, धान्यावर वाढवलेले’ असे लिहिले आहे. चित्र मात्र दोन्हींवर त्याच लाल, चकाकत्या छत्रीचे आहे. यांतली अधिक चांगली कोणती, आणि हे आकडे वाचायचे कसे?

उत्तर : आपण दोन्ही लेबलांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून पाठवलात हे फार बरे केलेत, कारण सगळी गोम त्या बारीक अक्षरांतच असते. अळंबी म्हणून आपण जी छत्री ओळखतो, ते त्या बुरशीचे केवळ फळ होय. तिचे खरे शरीर म्हणजे लाकडात किंवा मातीत पसरलेले बारीक तंतूंचे जाळे, आणि त्यालाच कवकजाल म्हणतात. रिशीची छत्री लाकडासारखी कठीण असते व ती पुरती वाढायला काही महिने लागतात. कवकजाल मात्र निर्जंतुक केलेल्या धान्याच्या पिशवीत काही आठवड्यांतच फोफावते. अडचण अशी की दाण्यांत शिरलेले तंतू दाण्यांपासून सोडवून काढता येत नाहीत, म्हणून तो सगळाच गठ्ठा वाळवून दळला जातो. आपल्या दुसऱ्या बाटलीतल्या ५०० मिलिग्रॅमपैकी बुरशी किती आणि धान्याचे पीठ किती, हे त्या लेबलवरून कळायला काहीही मार्ग नाही, आणि वरची लाल छत्री तर त्या कॅप्सूलमध्ये नाहीच.

पहिल्या बाटलीवरचे आकडे अधिक भारदस्त वाटतात, पण तेही निरखून पाहावे लागतात. अळंबीच्या ज्या घटकांवर सर्वांत जास्त काम झाले आहे, ते बीटा-ग्लुकन तिच्या पेशींच्या भित्तीत असतात. त्या ग्लुकोजच्याच लांब साखळ्या होत, परंतु त्यांतले सांधे अशा पद्धतीचे असतात की आपल्या पाचकरसांना ते तोडता येत नाहीत आणि आपल्या प्रतिकारसंस्थेतील काही पेशी मात्र त्यांना ‘ही बुरशी’ म्हणून ओळखतात. पिठातला स्टार्च हीसुद्धा ग्लुकोजचीच साखळी आहे. तिचे सांधे अल्फा प्रकारचे असतात, ती सहज पचते आणि तिच्यात औषधी असे काही नाही. रसायनशास्त्राच्या भाषेत दोन्ही पॉलिसॅकराइडच. त्यामुळे ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ हे विधान अर्क सुकवताना मिसळलेल्या माल्टोडेक्स्ट्रिनमुळे (ही स्टार्चपासूनच केलेली भुकटी) किंवा उरलेल्या पिठामुळेही अक्षरशः खरे ठरू शकते. ज्या उत्पादकाला खरोखर काही सांगायचे असते, तो ‘बीटा-ग्लुकन इतके टक्के’ असे स्वतंत्रपणे छापतो आणि त्याच्याच शेजारी अल्फा-ग्लुकनचा किंवा स्टार्चचा आकडाही देतो.

राहिला ‘१० : १’ हा मंत्र. दहा किलो कच्च्या मालापासून एक किलो अर्क काढला, एवढाच त्याचा अर्थ. तो कच्चा माल ताजा होता की वाळलेला, हे सांगितल्याशिवाय त्या गुणोत्तराला काही किंमत नाही. बहुतेक ताज्या अळंब्यांत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणजे दहा किलो ताजी अळंबी नुसती वाळवली तरी एक किलोच्या आसपास भुकटी मिळते आणि अर्क न काढताच हिशेब जुळतो. अर्क कशात काढला, हेही महत्त्वाचे आहे. बीटा-ग्लुकन गरम पाण्यात उतरतात, तर रिशीला तिचा प्रसिद्ध कडूपणा देणारी गॅनोडेरिक आम्ले, म्हणजे ट्रायटर्पीन गटातली संयुगे, अल्कोहोलमध्ये चांगली उतरतात. दोन्ही हवी असतील तर दोन्ही टप्प्यांनी अर्क काढावा लागतो.

एकदा उत्सुकतेपोटी मी अशाच दोन बाटल्यांतली एकेक कॅप्सूल उघडून दोन बशांत रिकामी केली होती. एक भुकटी गडद तपकिरी होती, आणि जिभेच्या टोकाला लावताच तिचा कडूपणा घशापर्यंत उतरला व पाणी प्यायल्यावरही गेला नाही. दुसरी फिकट, बिस्किटाच्या चुऱ्यासारखी आणि किंचित गोडसर होती. दोन्हींवर थोडे पाणी घालून जखमेवर लावायच्या आयोडीनचा एकेक थेंब सोडला, तेव्हा पहिली तपकिरीच राहिली, तर दुसरीच्या मधोमध निळसर काळा डाग पसरत गेला. शाळेत बटाट्याच्या फोडीवर करतात तोच हा प्रयोग. त्याने पिठाची भेसळ उघडी पडते. डाग पडला नाही म्हणून अर्क उत्तम, असे मात्र त्याने सिद्ध होत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी.

हा माझा एकट्याचा संशयीपणा नाही. अमेरिकेच्या बाजारातून घेतलेल्या रिशीच्या १९ उत्पादनांची रासायनिक तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांपैकी फक्त ५ उत्पादनांतला माल लेबलशी जुळला. बाकीच्यांत रिशीची ओळख पटवणारी संयुगे किंवा तिच्या शर्करांचा अपेक्षित नमुना आढळला नाही.

एक गोष्ट मात्र कवकजालाच्या बाजूनेही सांगायला हवी. कवकजाल म्हणजे खोटे आणि छत्री म्हणजे खरे, असा सरधोपट नियम करू नये. द्रवात वाढवलेले कवकजाल गाळून वेगळे करता येते, त्यात धान्य येत नाही, आणि काही संयुगे तर छत्रीपेक्षा कवकजालातच सापडतात. पुढच्या दोन उत्तरांत त्याची उदाहरणे येतील.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. अलीकडे ती नावे विसरते आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते. लायन्स मेन घेतल्याने स्मरणशक्ती परत येते, असे माझ्या भावाने ठामपणे सांगितले आहे. तिला ते सुरू करावे का?

उत्तर : आपल्या भावाचा ठामपणा बहुधा एका जपानी अभ्यासातून आलेला असावा, म्हणून तो अभ्यासच नीट पाहू. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सौम्य स्मृतिदोष असलेल्या, ५० ते ८० वर्षे वयाच्या ३० व्यक्ती होत्या. त्यांच्यापैकी निम्म्यांना लायन्स मेनच्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या १६ आठवडे देण्यात आल्या. लायन्स मेन घेणाऱ्यांचे स्मृतिचाचणीतले गुण दुसऱ्या गटापेक्षा वाढले, हे खरे. गोळ्या बंद केल्यानंतर चार आठवड्यांनी ते पुन्हा घसरले, हेही तितकेच खरे, आणि जाहिरातींत नेमके हेच वाक्य गळालेले असते.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्या गोळ्यांत अर्क नव्हता. छत्रीची वाळवलेली भुकटी होती, आणि तीही २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या दिवसातून तीन वेळा, म्हणजे दररोज एकूण ३ ग्रॅम. आपल्या भावाने पाठवलेल्या बाटलीत जर ५०० मिलिग्रॅमचा ‘कवकजालाचा अर्क’ असेल आणि दिवसाला एकच कॅप्सूल घ्यायची असेल, तर तो पदार्थ वेगळा, प्रमाण वेगळे आणि त्या अभ्यासाशी त्याचा संबंध केवळ नावापुरता. चेतापेशींच्या वाढीला चालना देणारी म्हणून जी संयुगे प्रयोगशाळेत अभ्यासली गेली, त्यांतली हेरिसेनोन छत्रीत मिळतात, तर एरिनासिन कवकजालात, म्हणून एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. ३० माणसांची एक चाचणी ही पुढच्या संशोधनाला निमंत्रण देते, उपचाराला नव्हे, असे माझे मत आहे.

सर्वप्रथम आईंना डॉक्टरांकडे न्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, ऐकू कमी येणे, झोपेच्या गोळ्या, यांपैकी कशानेही स्मृती मंदावते, आणि यांतल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत. तीन महिने अळंबीच्या भरवशावर काढले आणि मूळ कारण साधी कमतरता निघाली, तर त्या वाया गेलेल्या तीन महिन्यांची चुटपुट लागून राहील. तपासण्या झाल्यावर, डॉक्टरांना सांगून, अळंबीची ॲलर्जी नसल्याची खात्री करून आपण ते देऊन पाहणार असाल, तर मी आडवा येणार नाही. मात्र सुरू करण्यापूर्वी आणि नंतर स्मृतीची रीतसर चाचणी करून घ्यावी, म्हणजे फरक पडला की पडल्यासारखा वाटला, हे तरी कळेल.

प्रश्न : माझ्या दिरांच्या जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून आता केमोथेरपी सुरू आहे. टर्की टेल अळंबीला जपान सरकारने कर्करोगावरचे औषध म्हणून मान्यता दिली आहे, हे खरे आहे का? खरे असल्यास त्याच्या कॅप्सूल त्यांना द्याव्यात का? जाऊबाईंनी त्या मागवूनही ठेवल्या आहेत.

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि तरीही दुसऱ्या भागाचे उत्तर ‘होय’ होत नाही. ते का, हे जरा सविस्तर सांगतो.

टर्की टेल ही मेलेल्या लाकडावर वाढणारी, पातळ, पंख्यासारखी, रंगांच्या पट्ट्यापट्ट्यांची बुरशी आहे. तिच्या एका ठरावीक वाणाच्या कवकजालापासून, ठरावीक प्रक्रियेने काढलेले प्रथिनयुक्त पॉलिसॅकराइड जपानमध्ये ‘पीएसके’ या नावाने ओळखले जाते, आणि क्रेस्टिन या व्यापारी नावाने त्याला तेथे १९७७ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले २६२ रुग्ण होते. काहींना फक्त केमोथेरपी, तर काहींना केमोथेरपीबरोबर पीएसके देण्यात आले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६० टक्के, तर दुसऱ्या गटात ७३ टक्के होते. हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही, आणि अळंबीजन्य पदार्थांविषयी बोलताना मला तो नेहमी आदराने सांगावासा वाटतो.

पण त्या रुग्णांना मिळालेली वस्तू कोणती होती, ते पाहावे. प्रत्येक खेपेला रचना आणि शुद्धता तपासलेले, ठरलेल्या मात्रेचे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले ते औषध होते. ते केमोथेरपीच्या जोडीला दिले गेले, तिच्याऐवजी नाही, आणि ती केमोथेरपीही त्या काळची होती. दिरांना आज मिळणारी औषधे निराळी असण्याचा संभव मोठा आहे. जाऊबाईंनी मागवलेल्या कॅप्सूलमध्ये टर्की टेलची भुकटी असेल, साधा पाण्यातला अर्क असेल किंवा धान्यासह दळलेले कवकजाल असेल. त्यांपैकी काहीही पीएसके नाही. शिटाकेपासून काढलेल्या लेंटिनानचीही अशीच गोष्ट आहे. जपानमध्ये १९८५ मध्ये जठराच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली, पण ती शिरेतून द्यायच्या इंजेक्शनला. शिटाकेच्या गोळीच्या जाहिरातीत लेंटिनानचे दाखले देणे म्हणजे शेजाऱ्याच्या पदवीवर आपण नोकरी मागण्यासारखे आहे.

रिशीबद्दलही याच संदर्भात विचारणा होते, म्हणून येथेच सांगतो. कॉक्रेन या संस्थेने कर्करोगातील रिशीच्या वापराचा जो आढावा घेतला, त्यात ५ चाचण्या आणि ३७३ रुग्ण होते. रिशीला मुख्य उपचार म्हणून वापरण्याइतका पुरावा नाही, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला तिचा विचार करता येईल, पण तिने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

आता काय करावे? ती बाटली उघडण्यापूर्वी दिरांवर उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांपुढे ठेवावी. केमोथेरपीच्या काळात रक्तातल्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटतात, यकृतावर ताण असतो, आणि अशा वेळी नेमके काय पोटात जात आहे हे माहीत असणे डॉक्टरांना आवश्यक असते. पुष्कळ कुटुंबे अशा गोष्टी डॉक्टरांपासून लपवतात, कारण ते रागावतील अशी भीती वाटते. रागावले तर रागावू द्यावे, पण सांगावे. आणि ज्या कोणाकडून या कॅप्सूल येतात, त्याने ‘केमो बंद करा, एवढ्यानेच भागेल’ असे सुचवले, तर त्या माणसाशी पुढे एक शब्दही बोलू नये.

प्रश्न : पेनिसिलिन बुरशीपासूनच मिळाले ना? मग अळंबीच्या अर्कावर एवढा अविश्वास कशासाठी?

उत्तर : बुरशीविषयी मला अविश्वास नाही, उलट कौतुकच आहे. पेनिसिलिनचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. कोलेस्टेरॉल कमी करणारे लोव्हास्टॅटिन हे ॲस्परजिलस टेरियस या बुरशीपासून मिळाले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत वापरात आले. सगळ्यांत बोलके उदाहरण सायक्लोस्पोरिनचे. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका बुरशीपासून ते निघाले, आणि पुढे असे लक्षात आले की भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर वाढणाऱ्या, कॉर्डिसेप्सच्या गोतावळ्यातल्या एका बुरशीचेच ते दुसरे रूप आहे. हे सायक्लोस्पोरिन प्रतिकारशक्ती दाबून टाकते, आणि म्हणूनच अवयवरोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठी ते वापरतात. ‘अळंबी म्हटली की प्रतिकारशक्ती वाढणारच’ असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. बुरशी ही रसायनांचा मोठा कारखाना आहे, आणि तिच्या संयुगांचा परिणाम कोणत्या दिशेने होईल, हे एकेक संयुग वेगळे काढून, मोजून, माणसांवर तपासूनच कळते. पेनिसिलिनच्या बाबतीत १९२८ च्या निरीक्षणापासून रुग्णापर्यंत पोहोचायला बारा-तेरा वर्षे लागली, ती याच कामात. बुरशी लागलेली भाकरी खाऊन कोणाचा न्यूमोनिया बरा झाला नाही.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी आहे. कॉर्डिसेप्स घेतले तर चालेल का? व्यायामात दम टिकण्यासाठी ते चांगले म्हणतात.

उत्तर : हा प्रश्न विचारणाऱ्या आपण एकट्याच नाही, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर, साधारण ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर जे मूळ कॉर्डिसेप्स मिळते, ती बुरशी जमिनीखालच्या पतंगाच्या अळीला ग्रासते, तिचे सगळे अंग आतून व्यापते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मेलेल्या अळीच्या डोक्यातून काडीसारखा तपकिरी कोंब बाहेर काढते. विकताना अळी आणि कोंब अखंडच विकतात. वाळलेला नमुना हातात घेतला, तर अळीच्या अंगावरची वळी आणि पोटाखालचे बारीक पाय स्पष्ट मोजता येतात. हे शाकाहारी नाही, यात वाद नाही.

बाटल्यांत मात्र हे क्वचितच असते, कारण ते इतके दुर्मीळ आणि महाग आहे की कॅप्सूलमध्ये भरणे परवडत नाही. बहुतेक उत्पादनांत टाकीत वाढवलेले कवकजाल तरी असते किंवा कॉर्डिसेप्स मिलिटारिस ही वेगळी, भगव्या रंगाची, बोटांसारखी दिसणारी जात असते. मिलिटारिस धान्यावर वाढवतात, तशीच ती रेशमाच्या किड्यांच्या कोशावरही वाढवतात, म्हणून ती कशावर वाढवली हे उत्पादकाला लेखी विचारावे. कॅप्सूलचे कवचही पाहावे, कारण जिलेटिनचे कवच प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होते, तर सेल्युलोजचे वनस्पतीपासून.

दम टिकण्याविषयी थोडक्यात सांगतो. या कीर्तीचा उगम १९९३ मध्ये आहे. त्या वर्षी बीजिंगच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत वांग जुनशिया या चिनी धावपटूने १०,००० मीटर धावण्याचा महिलांचा जागतिक विक्रम तब्बल ४२ सेकंदांनी मोडला, आणि तिचे प्रशिक्षक मा जुनरेन यांनी या यशाचे श्रेय कडक सरावाला, कासवाच्या रक्ताला आणि या अळीवरच्या बुरशीला दिले. पुढे २००० च्या ऑलिंपिकपूर्वी रक्तचाचण्यांनंतर त्यांच्या अनेक धावपटूंना संघातून वगळण्यात आले, तेव्हा त्या श्रेयाच्या वाटणीवर किती विसंबायचे ते आपणच ठरवावे. त्यानंतरच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आपला दम नियमित सरावाने वाढेल, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

प्रश्न : मला मुतखड्याचा जुना त्रास आहे. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवण्याची गोळीही रोज घेतो. मुलगा परदेशातून चागा आणि रिशीची भुकटी पाठवतो. दोन्ही ‘नैसर्गिक’ आहेत, म्हणजे निर्धोक समजावीत ना?

उत्तर : नाही. आपल्या बाबतीत तर दोन्ही नकोतच, आणि हे मी नेहमीच्या सावध भाषेत न सांगता स्पष्ट सांगतो.

चागा म्हणजे थंड प्रदेशातल्या बर्च झाडाच्या खोडावर कोळशासारखा काळा, भेगाळलेला गाठोडा होऊन वाढणारी बुरशी. तिच्यात ऑक्झलेटचे प्रमाण फार असते, आणि मुतखड्याच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात कॅल्शियमशी जोडलेले हेच ऑक्झलेट असते. जपानमधील ७२ वर्षांच्या एका स्त्रीने यकृताच्या कर्करोगावर उपाय म्हणून चागाची भुकटी रोज चार-पाच चमचे याप्रमाणे सहा महिने घेतली, आणि तिची मूत्रपिंडे निकामी झाली. मूत्रपिंडाचा तुकडा तपासला, तेव्हा त्यात ऑक्झलेटचे स्फटिक साचलेले आढळले. ही घटना २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली. ज्यांना एकदा खडा झाला आहे, त्यांनी चागाच्या वाटेला जाऊ नये.

रिशीची अडचण वेगळी आहे. रक्त गोठताना प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, त्या क्रियेत रिशीतील काही घटक अडथळा आणू शकतात. आपली गोळी रक्ताची गोठण एका ठरावीक पट्ट्यात राखण्यासाठी असते आणि तिची मात्रा वारंवार रक्त तपासून जुळवलेली असते. तिच्यात असा अनिश्चित भार टाकला, तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रिशीची भुकटी घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. त्या थोड्या असल्या तरी गंभीर आहेत. रक्तदाब किंवा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी, अवयवरोपणानंतर किंवा संधिवातासारख्या आजारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच गरोदर व स्तनदा मातांनी हे अर्क स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर निदान दोन आठवडे आधी ते बंद करावेत आणि भूलतज्ज्ञांना तशी कल्पना द्यावी.

‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी एवढेच म्हणतो, की विषारी अळंब्याही निसर्गातच उगवतात. शिवाय अळंब्या ज्या मातीत किंवा लाकडावर वाढतात, त्यातले कॅडमियम, शिसे, पारा, आर्सेनिक असे घटक त्या शोषून घेतात, आणि अर्क दाट करताना तेही दाट होण्याची शक्यता असते. जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागितल्यावर जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याचा माल आपल्या मुलाने घेऊ नये. मुलाला हे पत्र वाचून दाखवायला हरकत नाही. तो प्रेमापोटी पाठवतो आहे, म्हणून हेतूला दोष देऊ नये.

प्रश्न : शिटाकेची कच्ची भुकटी पाण्यात मिसळून घेऊ लागल्यावर दोन दिवसांनी पाठीवर आणि पोटावर लांब लांब लाल वळ उठले. कोणीतरी चाबकाने मारले असावे तसे ते दिसतात आणि प्रचंड खाज येते. याचा संबंध असेल का?

उत्तर : दाट शक्यता आहे, कारण आपण केलेले वर्णन वैद्यकीय पुस्तकातल्यासारखे आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या शिटाकेमुळे होणारी ही त्वचेची प्रतिक्रिया जपानमध्ये १९७७ मध्ये प्रथम नोंदवली गेली आणि तिचे कारण लेंटिनानकडे बोट दाखवते. हे संयुग उष्णतेने बदलते, त्यामुळे नीट शिजवलेल्या शिटाकेने हा त्रास सहसा होत नाही. भुकटी ताबडतोब बंद करावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. वळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातात. श्वास लागला किंवा ओठ सुजले, तर मात्र थांबू नये, लगेच रुग्णालयात जावे.

प्रश्न : इतके सगळे ऐकल्यावर वाटते की अर्क सोडून नुसती अळंबीच खावी. त्याने काही लाभ होईल का?

उत्तर : खाण्याजोगी, ओळखीची, लागवड केलेली अळंबी नीट शिजवून खाण्यात तोटा काहीच नाही. तिच्यात थोडी प्रथिने आहेत, तंतू आहेत आणि बीटा-ग्लुकनही आहेत. पेशीभित्तीतल्या कायटिनमुळे कच्ची अळंबी पचायला जड जाते, शिजवल्याने ती मऊ पडते, आणि रस्सा ठेवला तर पाण्यात उतरलेला भागही वाया जात नाही. म्हणजे गरम पाण्यातला अर्क स्वयंपाकघरातही निघतोच. अळंबीतल्या अर्गोस्टेरॉलवर अतिनील किरण पडले की त्याचे ड-२ जीवनसत्त्व होते, म्हणून काप केलेली अळंबी शिजवण्यापूर्वी थोडा वेळ भर उन्हात ठेवली, तर त्या जीवनसत्त्वाचे प्रमाण चांगलेच वाढते. ब-१२ साठी मात्र तिच्यावर विसंबू नये. रिशी आणि चागा या लाकडासारख्या असल्याने त्या भाजी म्हणून खाता येत नाहीत. आणि रानात उगवलेली अळंबी पुस्तकातल्या चित्राशी ताडून खाण्याचा प्रयोग कृपया करू नये. तशी दोन पत्रे आली आहेत, आणि त्या दोघांनाही मी वेगळे उत्तर टपालाने पाठवले आहे.